माझ्यावर कौल लावू नका

"शेटा, सोनां खंय गेलां?"

भाटकार, गावचे जमीनदार, देवळाच्या चौकात उभे होते. हातात देवीचा मुकुट. मी घडवलेला. जत्रेचा दिवस. ढोल-ताशे एकदम थांबलेले आणि सगळा गाव माझ्याकडे बघत होता.

आत गाभाऱ्यात भटजींनी मुकुट देवीच्या मस्तकावर ठेवून बघितला होता. बसला नाही. दाबून बघितला. तरी नाही. वरच अडकून राहिला, बाप्याच्या डोक्यावर पोराची टोपी ठेवावी तसा. कोणीतरी हसलं. मग भटजींनी तो बाहेर आणून भाटकारांच्या हातात दिला. आणि भाटकारांनी मला विचारलं, सोनं कुठे गेलं.

मुकुट लहान झाला म्हणजे सोनं कमी पडलं. सोनं कमी पडलं म्हणजे सोनाराने खाल्लं. इतकं सरळ. त्याला साक्षीपुरावा काही लागत नाही.

मी म्हटलं, "भाटकारानू, माप उणां पडलां. सोनां सगळां हांगाच आसा."

ते म्हणाले, "हात धू."

परात आणली. भांडी घासायच्या जागेवरची, कडेला काळी पडलेली. पाणी ओतलं. मी हात धुतले. "नखां." नखांतून काडी फिरवली. "केस झाड." वाकून केस झटकले. "शर्ट काड." तो शर्ट बायकोने जत्रेसाठी मुद्दाम इस्त्री करून आणला होता. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या घरी कोळशाची इस्त्री होती, सकाळी पाव आणायला गेली तेव्हा त्यांच्याकडून करून आणला. मी तो काढला. भाटकारांच्या गड्याने परातीवर झटकला. काही पडलं नाही. तरी परातीतलं पाणी फडक्यातून गाळलं आणि फडकं सगळ्यांना फिरवून दाखवलं.

फडक्यावर माझ्या डोक्यातला एक पांढरा केस होता. बाकी काही नाही.

मी उघडा उभा. उजव्या हाताला बायकांची रांग. त्या रांगेत माझी बायको.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मला लिहायची सवय नाही. मराठी दुसरीपर्यंत शिकलो, तेही याच देवळाच्या मंडपात. पोर्तुगिजांच्या वेळी मास्तर तिथे मुलं जमवून शिकवायचे. आमच्या वाड्यावरची पोरं खांबाच्या बाहेरच्या बाजूला बसायची. तिथून पाटी दिसायची, पण पाऊस आला की अक्षरं पुसून जायची. जी राहिली त्यांच्यावर हे लिहितोय.

तर हात धुण्याचं. ते मला नवीन नव्हतं. आमच्याकडे मोठ्या घरचा दागिना सोनाराच्या घरी घडत नाही. सोनाराने त्यांच्या सोप्यावर जायचं. शेगडी तिथे, ऐरण तिथे, आणि समोर खुर्चीवर घरचा एक माणूस, नजर ठेवायला. संध्याकाळी उठताना परातीत हात धुवायचे, केस झटकायचे, पंचा झटकायचा. ते पाणी, ती राख, बसायच्या जागेची झाडलोट, सगळं त्यांचं. त्यात सोन्याची कणी असते. माझा बाप हेच करायचा. मी लहानपणी त्याच्याबरोबर जायचो. बाप हात धुवायला वाकला की मला वाटायचं, हाही कामाचाच भाग. आधी शेगडी पेटवायची, शेवटी हात धुवायचे. घरी परत येताना मात्र वाटेवर ओहोळ लागायचा, तिथे तो पुन्हा हात धुवायचा. का, ते मी विचारलं नाही. आता विचारायला तो नाही.

पण जत्रेच्या दिवशी माझ्या हाताला सोनं कुठून लागणार? मुकुट घडवून केव्हाच त्यांच्या तिजोरीत गेलेला. हे भाटकारांना कळत होतं. ती परात सोन्यासाठी आणलीच नव्हती.

गोवा राज्य झालं त्या वेळची ही गोष्ट. त्याआधी भाषेचं आंदोलन झालं होतं. आमच्या पेडण्यात मराठीसाठी माणसं रस्त्यावर बसली. मीही बसलो. घरात आम्ही बोलतो ते बोलतो, पण आरती मराठी, पोथी मराठी, दोन अक्षरं लिहायची तर ती मराठी. भाटकार पणजीला सभांना जायचे, परत आले की मंडपात भाषण करायचे. भाषण अगदी शुद्ध मराठीत. शिव्या तेवढ्या आमच्या बोलीत.

राज्य झालं तेव्हा मंडपात मोठी सभा झाली. भाटकार म्हणाले, "आता राज्य आपलं आहे. इथे कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. देवीला सोन्याचा मुकुट करू. तो माझा नसेल, गावाचा असेल. प्रत्येक घरातून सोनं आलं पाहिजे."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. इतरांपेक्षा जोरात. मुकुट कोण घडवणार हे सगळ्यांना माहीत होतं. पत्र्यावर नक्षी ठोकून वर काढायचं, उठावाचं काम करणारा पंचक्रोशीत मीच होतो.

सोनं आलं. मोड म्हणतात त्याला, मोडक्या दागिन्यांना. मांद्र्याच्या एका मासळीवालीने नाकातली चमकी दिली. आमच्या वाड्यावरचा एकजण मुळगावच्या बाजूला खाणीवर ट्रक चालवायचा, त्याने लग्नातली आंगठी दिली. कुणी तुटकी साखळी, कुणी पोराच्या पायातलं. माझ्या बायकोने कानातल्या कुड्या काढून दिल्या. मी म्हटलं, एकच दे. ती म्हणाली, "देवीक काय एक कान आसा?" भोकं बुजू नयेत म्हणून तिने कानांत तुळशीच्या काड्या घातल्या.

भाटकारांनी माणिक दिलं. म्हणाले, "मदीं बसव. लोकांक दिसूंक जाय."

मग माप.

मी भटजींना म्हटलं, मुकुट मागे फट नसलेला, सगळीकडून बंद हवा म्हणता, तर माप मला घेऊ द्या. न्हाऊन येतो. ओलेत्याने येतो. हवं तर उपास करतो. देवीला हात लावत नाही, नुसता दोरा फिरवतो. भटजी हसले. म्हणाले, "शेटा, तू उंबऱ्याच्या भायर बरो."

मी माझा सुती दोरा पुढे केला. तोही नको. माझ्या घरचा दोरा देवीला चालत नाही. भटजींनी देवळामागच्या केळीचं सोपट सोललं. फुलं ओवायला वापरतात तेच. ते सोवळ्यात चालतं. त्याची ओली पट्टी देवीच्या कपाळाभोवती फिरवली, जिथे टोक जुळलं तिथे गाठ मारली, आणि बाहेर येऊन उंबऱ्यावरून टाकली. हातात दिली नाही. ती माझ्या पायाशी पडली, ओलीचिंब, हिरवी.

मी ती केळीच्या पानात गुंडाळली आणि भाटकारांकडे गेलो. आजच सुरू करतो म्हटलं. ते म्हणाले, मुहूर्त बघितल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही. मुहूर्त लांबचा निघाला. ती पट्टी सोप्यावरच्या जनेलाला, खिडकीच्या गजाला बांधून ठेवली. जनेलातून ऊन यायचं.

मुहूर्ताच्या दिवशी गेलो तर ती पट्टी वाळून पिवळी झाली होती. आखडलेली. हाताला कडक लागली.

मी परत देवळात गेलो. "भटजीनू, माप परत घेवन दिया. ह्यां सुकलां."

भटजी फुलं निवडत होते. वर न बघता म्हणाले, "कित्याक? देवीची कपाळपट्टी वाढली काय?"

बसलेली माणसं हसली. मी भाटकारांना सांगितलं. ते म्हणाले, एकदा देवीच्या अंगाला लागलेलं माप बदलायचं नसतं. मग काय करणार? अंदाजाने थोडं वाढवलं. पण आखडलेलं किती, हे आखडलेल्या सोपटाकडे बघून कसं कळणार? देवीचं मस्तक तर मी जन्मात जवळून बघितलेलं नाही. लांबून फुलं दिसतात, समयांचा उजेड दिसतो. ज्याचं डोकं बघायचं नाही त्याची टोपी शिवायची. हे काम.

तरी मी ते केलं. मन लावून केलं. सगळं मोड एकत्र वितळवलं. मुशीत चमकी गेली, आंगठी गेली, माझ्या बायकोच्या कुड्या गेल्या. लाल रस झाला तेव्हा कोणाचं काय ते कळेनासं झालं. भाटकार सभेत बोलले ते मला तिथे खरं वाटलं. पत्रा ठोकून काढला, राळेवर बसवला, आणि काठाने भाताच्या लोंब्या उठवल्या. झुकलेल्या, दाण्यांनी जड. मध्ये कोंदणात माणिक. तसं काम पुन्हा माझ्या हातून झालं नाही. हे मी नम्रपणा सोडून सांगतो. मला नम्रपणा जमत नाही.

आणि हे सगळं करताना समोर खुर्चीवर भाई बसलेले. भाई म्हणजे भाटकारांचे धाकटे भाऊ. माझ्याच वयाचे. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हातात पेपर, पण पेपर नावाला. नजर माझ्या हातावर. हळूहळू बोलायलाही लागले. माझ्यासाठी आतून चहा मागवायचे, माझा कोप, म्हणजे पेला, वेगळा, जनेलात पालथा ठेवलेला. एकदा म्हणाले, "शेटा, लोंबी खरी दिसता रे. वाऱ्यार हालतली असां दिसता." ते मी अजून विसरलो नाही. नंतर जे झालं त्याच्यामुळे ते विसरायला हवं होतं.

तर चौकात मी उघडा उभा होतो. फडकं फिरवून झालं होतं. मी म्हटलं, वजन करा. घेताना वजन केलं होतं, आता करा. भाटकार म्हणाले, "तराजू कोणाचो?"

तराजू माझाच. गावात सोन्याचा दुसरा तराजू नव्हता.

"सोनाराचो तराजू सोनाराचीच बाजू घेतलो." लोक हसले. जे हसले त्यांच्यातले निम्मे आयुष्यभर त्याच तराजूवर सोनं घेऊन आलेले.

मग मी भाईंकडे बघितलं. ते भाटकारांच्या मागे उभे होते. कडक इस्त्रीचं धोतर. मी म्हटलं, "भाई, तुमी बसलेले. रोज बसलेले. तुमीच सांगा."

सगळे भाईंकडे वळले. भाईंनी भावाकडे बघितलं. मग जमिनीकडे.

म्हणाले, "माझो डोळो लागलो आसतलो कधीतरी."

बस. एवढंच. त्या माणसाने पापणी मिटलेली मी बघितली नव्हती.

मला राग नाही आला. आधी आला नाही. माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं मी पुढे ठेवलं होतं. हात, केस, शर्ट, तराजू, साक्षीदार. एकेक करून सगळं परत आलं. आता माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं.

तेव्हा भटजी म्हणाले, "देवीकच विचारूया. कौल लावूया."

लोक एकदम मोकळे झाले. सगळ्यांना ते पटलं. आमच्याकडे सगळं देवीला विचारतात. विहीर कुठे खणायची, सोयरीक करायची की नाही, पोर आजारी तर कोणाचं लागलंय. भटजी ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही बाजूंना चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. मीही विचारलेलं आहे. मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा मी त्याच चौकात हात जोडून पाकळीकडे बघत बसलो होतो. उजवी पडली तेव्हा रडलो होतो. तेव्हा मी न मानणारा माणूस नव्हे. हे ध्यानात ठेवा.

भटजी आत गेले. पाकळ्या ओल्या केल्या. मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं, "आई, ह्या सोनारान तुझ्या सोन्याक हात लावलेलो नसल्यार उजवी दी, लावलेलो आसल्यार..."

मी बायकोकडे बघितलं. ती हात जोडून उभी होती. माझ्याकडे बघून मान हलवत होती. हो म्हण, हो म्हण. तिच्या कानांत तुळशीच्या काड्या.

आणि माझ्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. हिच्या कुड्या त्या मुकुटात आहेत. माझी नजर, माझे हात त्याच्यात आहेत. मी सांगतोय की मी चोरी केली नाही. एका माणसाने सांगितलेलं इथे कोणाच्या कानावर पडत नाही. आता एक पाकळी सांगणार. डावी पडली तर मी चोर. आणि उजवी पडली तर? तर मी सुटलो. पाकळीने सोडला म्हणून सुटलो. उद्या भाटकार म्हणतील, देवीने राखला हो त्याला. माझा शब्द तर तेव्हाही मातीतच.

भाटकारांचं घर कधी या कौलाला उभं राहिलं होतं? जमिनी खाल्ल्या, कुळं उठवली, कोणी पाकळी लावून विचारलं?

मी ओरडलो. "कौल लावू नकात!"

भटजींचं गाऱ्हाणं तिथेच तुटलं.

"माझ्यार कौल लावू नकात. मी चोर न्हय. ह्यां मी सांगतंय. देवीक मदीं घालू नकात."

मला वाटलं होतं काहीतरी होईल. वीज पडेल किंवा कोणीतरी पुढे येईल. काही झालं नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, "भियालो."

तो एक शब्द गावभर गेला. कौलाला भियाला. म्हणजे खाल्लं.

मी शर्ट उचलला. ओला झाला होता परातीत. तसाच घातला आणि चौकातून बाहेर पडलो. मागे ढोल पुन्हा सुरू झाले.

पोलिसांत कोणी गेलं नाही. शिक्षा कसली झाली नाही. नुसतं काम थांबलं. लग्नसराई आली, गेली. माणसं म्हापशाला जाऊन तयार दागिने आणू लागली. रस्त्यात भेटणारी बोलायची, पण सोन्याचा विषय निघाला की गप्प व्हायची. मी पितळेची भांडी डागायला लागलो, मग शेवटी काजूच्या भट्टीवर मजुरी. फुंकणी माळ्यावर टाकली. माझ्या हाताला लोंबी उठवायची सवय होती, त्या हाताने मी बोंडू तुडवले.

मुकुटाचं पुढे काय केलं तेही ऐका. पणजीच्या एका दुकानातून कारागीर आणला. त्यालाही आत घेतलं नाही. त्याने मुकुट मागून कापला. मधे फट ठेवून दोन टोकं लाल दोऱ्याने बांधून टाकली. आता देवीच्या डोक्यावर बसतो. समोरून बघणाऱ्याला काही कळत नाही. लोक हात जोडतात, माणिक चमकतं, लोंब्या झुकलेल्या दिसतात. मागे तो कापलेला आहे.

माझी बायको देवळात जात राहिली. मी अडवलं नाही. ती मागे उभी राहायची, खांबाच्या बाहेर. त्या एका गोष्टीवरून आम्ही कधी मोठ्याने भांडलो नाही. पण मधेच, चूल फुंकताना, ती म्हणायची, "एकदां व्हय म्हटलां असतां तर काय जालां असतां?" उत्तर माझ्याकडे होतं, पण ते चुलीपुढे सांगण्यासारखं नव्हतं. पोरं उपाशी झोपल्यावर माणूस आपला शब्द मोठा म्हणून कसा सांगणार?

ती आजारी पडली. जायच्या थोडे दिवस आधी मला जवळ बोलावलं. तोंडावर हसू. म्हणाली, "आता सांगतंय तुमका. मी विचारलंय."

"काय विचारलंय?"

"कौल. आमच्या गावात न्हय. माझ्या माहेरच्या देवाक. त्याच वर्सा." तिने माझा हात धरला. "उजवी पडली. तुमी चोर न्हय."

तिला वाटलं मला बरं वाटेल. एवढी वर्षं जपून ठेवलेलं तिने मला दिलं. आणि मला कोणीतरी पुन्हा चौकात उघडं करून उभं केल्यासारखं झालं. तुलासुद्धा विचारावं लागलं? माझ्या शेजारी झोपत होतीस. माझ्या हातचं खात होतीस. डावी पडली असती तर?

हे मी बोललो नाही. तिच्या कानांत काड्या होत्या. अजून. मी म्हटलं, "बरां केलंस." ती सुखाने गेली. ते सुख माझ्या नावावर होतं, पण त्यातलं मला काही मिळालं नाही.

आता गेल्या महिन्यातलं. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो.

भाई आले होते. माझ्या घरी. भाटकार कधीच वारले. भाई आता देवळाचं बघतात. म्हातारे झालेत, माझ्याएवढेच. गाडी खाली ठेवून चढण चढून आले, धापा टाकत सोप्यावर बसले. सुनेने पाणी दिलं. आमच्या घरातल्या कोपातून त्यांनी पाणी घेतलं आणि सगळं प्यायले.

म्हणाले, देऊळ नवीन बांधतोय. मुकुट मागून फाटत चाललाय. दुसरा करायचाय. तशा लोंब्या आता कोणाला येत नाहीत. तुझ्या हाताखाली तुझा मुलगा करील, तू बसून दाखव.

मी म्हटलं, "माप कोण घेतलो?"

"माप भटजीच घेतले. तां काय बदलाचां नाय, तुका म्हायत आसा."

भाईंनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तां जुनां एकदां मिटवून टाकूया. जत्रेदिसा तू चौकात ये. सगळ्यांसमोर कौल लावूया."

"आता? कौल?"

"अरे, उजवीच पडतली. मी भटजीक सांगलेलां आसा. तू काळजी करू नको."

त्यांना वाटलं ते माझ्यावर उपकार करतायत. खरंच वाटत होतं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

मी म्हटलं, "भाई, त्या दिसा खंयची पडतली हुती?"

भाई माझ्याकडे बघत राहिले. खाली रस्त्यावरून मांद्र्याची बस गेली, तिचा आवाज पूर्ण जाईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

मला ज्याचं उत्तर हवं होतं ते मिळालं. त्या दिवशीही भटजींना सांगून ठेवलेलं होतं, डावी. पण त्याने मला काय मिळालं? माझ्या मुलाच्या तापाच्या वेळी पडलेली उजवी पाकळी, ती कोणी सांगितलेली? बायकोच्या माहेरची? मी देवीवर रागवावं की माणसांवर, हेही मला कळेना. इतक्या म्हातारपणी माणसाला असं रिकामं करून ठेवतात.

मी म्हटलं, "भाई, तुमचो डोळो लागलेलो काय?"

ते म्हणाले, "शेटा, जुन्या गजाली..."

"डोळो लागलेलो काय?"

ते म्हणाले, "नाय."

"मगे तांच सांगा. माका पाकळी नको. जत्रेदिसा चौकात उभे रवा, आणि तोंडान सांगा. मी बसलंय, मी बघितलंय, ह्या माणसान कणी घेवक नाय. इतक्यांच."

भाई उठले. म्हणाले, "भाऊ मेलो रे. मेल्या माणसाक खोटो कसो पाडू?"

आणि मी जिवंत आहे, भाई. मी जिवंत असताना मला खोटा पाडला. हे मी त्यांच्या पाठीला म्हटलं. ते काठी टेकत उतरणीला लागले होते.

तर हे मी लिहून ठेवतो. माझी पोरं वाचतील, गाव वाचो न वाचो.

ज्या मस्तकाचं माप मला माझ्या हाताने घेता येत नाही, त्याच्यासाठी माझ्या घरातली शेगडी पेटणार नाही. मुलाला सांगितलंय. काम नसेल तर नसो. त्याने तोंड वाकडं केलं. त्याचीही पोरं आहेत. पण त्याने माळ्यावरची फुंकणी काढली नाही.

मी मेल्यावर माझ्या नावाने कोणी कौल लावू नये. आणि लावलाच कोणी, उजवी पडलीच, तरी ती माझी सुटका समजू नये. ती भाईंची सोय आहे.

भाई जिवंत आहेत. चौक तिथेच आहे. दर वर्षी जत्रा होते. त्यांना पंधरा-वीस पावलं चालायची आहेत आणि एक वाक्य बोलायचं आहे. बोलतील असं मला वाटत नाही. त्यांना ते जमणार नाही, आणि माझ्या हातात काही नाही.

पण मी सांगितलंय. मी चोर नव्हे. एका माणसाने चौकात उघडं उभं राहून सांगितलं. तेवढं पुरायला हवं होतं. ज्या दिवशी तेवढं पुरेल त्या दिवशी मी त्या देवळाची पायरी चढेन. तोपर्यंत देवीने माझी वाट बघावी.